दोन ग्राफिक्स चिप, तीन स्क्रीन: केबल लावण्याआधी काय बघायचं

लॅपटॉपला जादा मॉनिटर जोडायचा म्हणजे केबल खुपसायची आणि कामाला लागायचं, अशीच आपली समजूत असते. स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप एकच असेल तर बहुतेक वेळा होतंही तसंच. पण गेमिंगसाठी, व्हिडिओ एडिटिंगसाठी, थ्रीडी कामासाठी घेतलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन चिप असतात, आणि मग कोणती केबल कुठल्या पोर्टात जाते याने फरक पडायला लागतो. मॉनिटर तोच, लॅपटॉप तोच. एका पोर्टवर गेम सुसाट पळतो पण पंखा दिवसभर घोंघावत राहतो. दुसऱ्या पोर्टवर लॅपटॉप थंडगार, पण गेम जरासा अडखळतो.

म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी एकच गोष्ट शोधायची: कोणतं पोर्ट आतून कोणत्या चिपला जोडलेलं आहे. ते कळलं की बाकीचे निर्णय आपोआप सुचतात.

लिहायला सोपं जावं म्हणून प्रोसेसरच्या पोटातच असलेल्या इंटिग्रेटेड चिपला मी धाकटी म्हणतो, आणि एनव्हिडिया किंवा एएमडीच्या वेगळ्या बसवलेल्या चिपला थोरली. धाकटी कमी वीज खाते, थोरली जास्त काम उपसते. दोघी मिळून दुप्पट ताकद होत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. एका वेळी एक प्रोग्रॅम साधारणपणे एकीच्याच गळ्यात असतो.

आत काय चालतं

२००६ च्या सुमारास आलेल्या काही लॅपटॉपवर चिप बदलायला चक्क सरकवायचं बटण असायचं. ते सरकवलं की मशीन रीस्टार्ट करा. २०१० मध्ये एनव्हिडियाने चिप आपोआप बदलणारं ऑप्टिमस तंत्र आणलं आणि ही कटकट संपली, पण त्यासाठी जी युक्ती वापरली ती समजून घ्यायला हवी, कारण मॉनिटरच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात.

अशा रचनेत लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन फक्त धाकटीला जोडलेली असते. गेम सुरू केला की थोरली जागी होते आणि चित्र तयार करते, पण स्क्रीनपर्यंत जायला तिच्याकडे रस्ताच नसतो. ती तयार झालेली प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, धाकटीच्या मेमरीत कॉपी करते आणि धाकटी ती स्क्रीनवर पाठवते. गेम बंद केला की थोरली पुन्हा झोपते.

ही कॉपी किती मोठी, याचा हिशोब करून बघा. १९२०×१०८० ची एक फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर जवळजवळ ५०० एमबी. ४के स्क्रीनला हाच आकडा सेकंदाला साधारण २ जीबीवर जातो. आजच्या मशीनला हे झेपतं, पण फुकट होत नाही: थोडा उशीर लागतो, थोडे फ्रेम कमी होतात. लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर ते जाणवणारही नाही. मोठा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर लावला की जाणवायला लागतं.

आता बाहेरची पोर्टं. ती कोणाला जोडायची हे बनवणारा ठरवतो, आणि सगळे एकसारखं ठरवत नाहीत. पातळ, ऑफिसच्या कामाच्या लॅपटॉपमध्ये बहुधा सगळी पोर्टं धाकटीकडे असतात. गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआय अनेकदा थेट थोरलीला जोडलेलं असतं आणि टाइप-सी धाकटीला, किंवा दोन टाइप-सी पोर्टांपैकी एक इकडे, एक तिकडे. बाहेरून बघून काही कळत नाही.

पायरी १: दोन्ही चिप जाग्या आहेत का

विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि डिस्प्ले अडॅप्टर्सची ओळ उलगडा. दोन नावं दिसली पाहिजेत. एकच दिसलं तर दोन शक्यता: लॅपटॉपमध्ये खरंच एकच चिप आहे, किंवा दुसरी कोणीतरी बंद करून ठेवली आहे.

हे "कोणीतरी" बहुतेक वेळा आपणच असतो. एकदा काही लोकांना काम दाखवायचं होतं, मॉनिटर एचडीएमआयवर लावला, स्क्रीनवर "नो सिग्नल". केबल बदलली. दुसरी केबल आणली. मॉनिटरचं इनपुट तीनदा फिरवलं. ड्रायव्हरवर, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घेऊन तोही पुन्हा टाकला, आणि ते टाकणारं इन्स्टॉलर "सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही" म्हणून मध्येच थांबलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दोन दिवस आधी प्रवासात बॅटरी पुरावी म्हणून लॅपटॉपच्याच सॉफ्टवेअरमध्ये मी इको मोड लावला होता. त्या मोडमध्ये थोरली नुसती झोपत नाही, पूर्ण बंद होते, आणि माझं एचडीएमआय तिलाच जोडलेलं. इको मोड काढला आणि दहा सेकंदांत मॉनिटर उजळला. अर्धा तास मात्र गेला तो गेला.

तेव्हा लॅपटॉपबरोबर आलेलं ते सॉफ्टवेअर आधी उघडून बघा. इको, इंटिग्रेटेड ओन्ली, आयजीपीयू (म्हणजे धाकटीच) मोड असलं काही लावलेलं असेल तर थोरलीच्या वाट्याची पोर्टं मुकी झालेली असतात.

पायरी २: पोर्टांचा नकाशा काढा

यासाठी एक मॉनिटर आणि दहा मिनिटं पुरतात.

एचडीएमआयला मॉनिटर लावा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा. वर कोणती स्क्रीन निवडायची ते विचारतं, तिथे बाहेरचा मॉनिटर निवडा. खाली माहितीत हा डिस्प्ले कोणत्या ग्राफिक्सला जोडलेला आहे ते नावानिशी लिहिलेलं असतं. इंटेलचं नाव किंवा एएमडीच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं नाव आलं तर धाकटी. एनव्हिडियाचं जीफोर्स वगैरे आलं तर थोरली. आता तीच केबल किंवा दुसरी केबल टाइप-सीला लावून तेच पुन्हा करा. दोन टाइप-सी असतील तर दोन्ही तपासा, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

एनव्हिडियाची चिप असेल तर आणखी सोपं आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सराउंड आणि फिजएक्सचं पान असतं. नाव बघून कोणी तिकडे फिरकत नाही, पण तिथे एक छोटी आकृती असते: कोणती चिप, तिच्याखाली कोणता मॉनिटर, आणि तो कशातून लावलाय, सगळं एका नजरेत.

जे सापडलं ते लिहून ठेवा. माझ्या लॅपटॉपच्या तळाला एक कागदी पट्टी चिकटवलेली आहे: "एचडीएमआय – थोरली. डावं सी – धाकटी. उजवं सी – फक्त चार्जिंग." शेवटच्या नोंदीकडे नीट बघा. टाइप-सीचं प्रत्येक भोक चित्र पाठवत नाही. शेजारी विजेच्या रेघेचं थंडरबोल्टचं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचं डी-पी असं चिन्ह असेल तर चित्र जातं. नुसतं यूएसबीचं चिन्ह असेल तर मॅन्युअल बघा.

पायरी ३: कोणता मॉनिटर कुठे लावायचा

इथे माझं मत स्पष्ट आहे. लिहिणं, वाचणं, कोडिंग, मीटिंग एवढंच काम असेल तर मॉनिटर धाकटीच्या पोर्टला लावा, थोरलीला झोपू द्या. थोरलीच्या पोर्टला मॉनिटर लावला की तिला झोपताच येत नाही, कारण समोर नुसती कोरी फाइल उघडी असली तरी ती दाखवायचं काम तिच्याकडे असतं. "काहीच चालू नाही तरी लॅपटॉप तापतो" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो: मॉनिटर कुठल्या पोर्टात आहे?

गेम किंवा जड थ्रीडी काम असेल तर उलट. मॉनिटर थोरलीच्या पोर्टात, चार्जर भिंतीत. आता फ्रेम कॉपी करायची गरजच राहिली नाही, थोरलीने काढलेलं चित्र थेट मॉनिटरवर. चार्जर नसेल तर थोरली पूर्ण वेगाने चालत नाही, तेव्हा बॅटरीवर गेमचा वेग मोजून निराश होऊ नका.

दोन मॉनिटर लावायचे असतील तर जमेल तिथे दोन्ही एकाच चिपकडे द्या. एक इकडे, एक तिकडे असंही चालतं, विंडोज ते सांभाळून घेतं. पण एकावर चालू असलेला व्हिडिओ ओढत दुसऱ्यावर नेला की तो क्षणभर थबकतो, आणि धाकटीने काढलेली विंडो थोरलीच्या मॉनिटरवर दाखवायची तर कॉपी पुन्हा आलीच, फक्त उलट्या दिशेने. थोरलीच्या मॉनिटरांचे हर्ट्झ वेगवेगळे असतील, समजा एक ६० आणि एक १४४, तर काही चिपची मेमरी काम नसतानाही पूर्ण वेगात चालत राहते. उष्णता वाढली असेल तर दोन्हींवर हर्ट्झ सारखे करून फरक पडतो का बघा.

पायरी ४: किती स्क्रीन झेपतील

पोर्टं चार आहेत म्हणजे मॉनिटर चार लागतील असं नाही. प्रत्येक चिपला एका वेळी किती स्क्रीन चालवता येतील याची मर्यादा असते. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरपर्यंत धाकटीला दोनच स्क्रीन चालत. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून तीन झाल्या, २०२० च्या टायगर लेकमध्ये चार. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही या मोजणीत येते, हे लोक हमखास विसरतात. तिसरा मॉनिटर उजळत नसेल तर लॅपटॉपची स्क्रीन बंद करून बघा. जागा रिकामी झाली की तो लागतो. किंवा तो मॉनिटर दुसऱ्या चिपच्या पोर्टात टाका, तिची मोजणी वेगळी असते. दोन चिप असण्याचा हा खरा फायदा.

पायरी ५: केबल, डॉक आणि दिशाभूल करणारे डबे

एचडीएमआय स्प्लिटर घेऊ नका. तो एकच चित्र दोन मॉनिटरवर दाखवतो. दोन वेगळे डेस्कटॉप त्यातून मिळत नाहीत. नवखे लोक सर्वात आधी हीच वस्तू विकत घेतात.

एका पोर्टातून दोन वेगळी चित्रं हवी असतील तर डिस्प्लेपोर्टची एमएसटी नावाची सोय लागते. ती डिस्प्लेपोर्ट १.२ पासून आहे. त्या आवृत्तीच्या पूर्ण क्षमतेत ६० हर्ट्झवर २५६०×१४४० चे दोन मॉनिटर आरामात बसतात. टाइप-सीच्या बऱ्याच डॉकमध्ये, म्हणजे एका केबलवर अनेक पोर्टं देणाऱ्या डब्यांमध्ये, हीच सोय वापरलेली असते. मॅकओएस मात्र एमएसटीवर वेगळे डेस्कटॉप देत नाही, दोन्हीकडे एकच चित्र येतं.

४के मॉनिटर लावला आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटला तर अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये हर्ट्झ बघा. ३० दिसतील. एचडीएमआय १.४ ला ४के वर ३० पेक्षा जास्त जमत नाही, ६० साठी २.० लागतं, आणि ते पोर्ट, केबल, मधला डॉक, मॉनिटर या सगळ्यांनाच जमायला हवं. साखळीतली सर्वात जुनी कडी वेग ठरवते. डॉकमध्ये आणखी एक खोच असते: टाइप-सीमध्ये डेटा वाहणाऱ्या चार वाटांपैकी दोन यूएसबीच्या डेटाला दिल्या तर चित्राला दोनच उरतात, आणि डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने दोन वाटांत ४के ला ३० हर्ट्झच मिळतात. डॉक बिघडलेला नसतो, त्याची वाटणीच तशी असते.

डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे जायला सहसा साधं कन्व्हर्टर चालतं. उलट दिशेने, म्हणजे लॅपटॉपचं एचडीएमआय आणि मॉनिटरचं डिस्प्लेपोर्ट असेल, तर वीज घेणारं अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागतं. साधी केबल कितीही वेळा उलटसुलट लावली तरी काही दिसणार नाही.

डिस्प्लेलिंकचे डॉक ही तिसरीच जात. ते चित्र यूएसबीच्या डेटातून पाठवतात, त्यासाठी प्रोसेसर ते चित्र दाबून लहान करतो आणि वेगळा ड्रायव्हर लागतो. पोर्ट कोणाला जोडलंय याच्याशी त्यांचं देणंघेणं नाही, म्हणून मर्यादा संपलेल्या लॅपटॉपलाही आणखी एक स्क्रीन मिळते. ईमेल आणि एक्सेल ठेवायला उत्तम. गेमसाठी नाही.

पायरी ६: कोणता प्रोग्रॅम कोणाकडे

विंडोज १० च्या २०१८ मधल्या एप्रिल अपडेटपासून हे विंडोजमध्येच ठरवता येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, आणि त्यात ग्राफिक्स. यादीत प्रोग्रॅम नसेल तर त्याची फाइल दाखवून तो जोडा, मग पर्यायांत पॉवर सेव्हिंग म्हणजे धाकटी आणि हाय परफॉर्मन्स म्हणजे थोरली. बदल केल्यावर तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा, चालू प्रोग्रॅम चिप बदलत नाही. चिप कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमध्येही असंच सेटिंग असतं, पण दोन्हीकडे वेगवेगळं लावून ठेवलं तर नंतर आपलाच गोंधळ होतो. एकाच ठिकाणी ठरवा, विंडोजमध्ये.

खरंच कोण राबतंय हे टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप) ० आणि जीपीयू १ असे दोन आलेख असतात. गेम सुरू करून थोरलीच्या आलेखाखाली कॉपी नावाचा छोटा आलेख बघा. मॉनिटर धाकटीकडे असेल तर तो हलताना दिसतो: वर सांगितलेला तो फ्रेमचा प्रवास. केबल थोरलीच्या पोर्टात टाका आणि तोच आलेख पुन्हा बघा.

मक्स स्विच असेल तर

काही लॅपटॉपमध्ये लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही थोरलीला थेट जोडता येते. हा सांधा बदलणारा भाग म्हणजे मक्स. तो बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) किंवा लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये हायब्रिड आणि डिस्क्रीट अशा नावांनी दिसतो, आणि बदलल्यावर बहुधा रीस्टार्ट लागतो. २०२० मध्ये आलेल्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमसमध्ये रीस्टार्टशिवायही होतं. डिस्क्रीट लावलं की बॅटरीचा विचार सोडा. आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची, रिकव्हरी की हाताशी ठेवा. असल्या बदलानंतर विंडोज कधी कधी ती मागतं, आणि ती नेमकी त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह केलेली असते.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर दोन चिपमध्ये काम वाटायची सोय प्राइम नावाने मिळते. सुरुवातीची वर्षं खडतर होती: २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी भर सभेत एनव्हिडियाच्या नावाने मधलं बोट दाखवलं, ते ऑप्टिमस लिनक्सवर चालत नाही या प्रश्नाला उत्तर देतानाच. आज परिस्थिती पुष्कळ बरी आहे. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात एनव्हिडियाच्या सेटिंग्जमध्ये प्राइमचे तीन पर्याय येतात: परफॉर्मन्स, ऑन-डिमांड आणि पॉवर सेव्हिंग. नवख्याने ऑन-डिमांडवर राहावं. पॉवर सेव्हिंगमध्ये थोरली बंद, म्हणजे माझ्या इको मोडचीच गत: तिच्या पोर्टातला मॉनिटर काळा.

इंटेल प्रोसेसरच्या, दोन चिप असलेल्या मॅकबुक प्रोमध्ये बाहेरचा मॉनिटर लावला की थोरली चालू होतेच, त्यात निवड नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ चिपपासूनच्या मॅकमध्ये ग्राफिक्स एकच, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही, फक्त संख्येचं बघायचं. एम१ च्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो.

मॉनिटर काळाच राहिला तर

आधी विंडोज की आणि पी. "पीसी स्क्रीन ओन्ली" लागलेलं असेल तर एक्सटेंड करा. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. स्क्रीन लुकलुकते, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामं जात नाहीत. तरी नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन्ही नावं आहेत का ते बघा. मग केबल दुसऱ्या चिपच्या पोर्टात. तिथे चित्र आलं तर केबल आणि मॉनिटर निर्दोष, शोध त्या एका चिपपुरता उरला. ड्रायव्हर टाकायची वेळ आलीच तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून आधी धाकटीचा, मग थोरलीचा.

लॅपटॉप मिटून फक्त मॉनिटरवर काम करायचं असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर "डू नथिंग" निवडा, तेही चार्जरवर असतानाचंच. बॅटरीच्या खान्यात स्लीपच राहू द्या, नाहीतर बॅगेत लॅपटॉप चालू राहून तापतो.

आणि केबल काढल्यावर एखादी विंडो दिसेनाशी झाली तर ती अजून काढलेल्या मॉनिटरच्याच जागेवर उघडी असते. टास्कबारवर तिच्यावर क्लिक करा, मग विंडोज आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबा. एकदोनदा दाबलं की ती समोर येते.